रायफलीचा काही दोष नाही

वाईट रायफल माणसाचा जितका मान राखते तितका सख्खे नातेवाईकही राखत नाहीत. कॉलेजात एनसीसीला असताना आमच्या हाती पॉइंट टू टूची डीलक्स रायफल यायची. आमच्याआधी किती तुकड्यांनी ती खांद्याला लावली होती, याचा हिशेब बटालियनलाही नसावा. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहिलं तर उजेडसुद्धा बिचकत बिचकत अलीकडे यायचा. "साँस रोको, ट्रिगर दबाओ, झटका मत दो," असं उस्ताद मागून गरजायचे. आम्ही साँस रोकायचो, झटका द्यायचो नाही, आणि तरीही भोक शेजारच्या कॅडेटच्या टार्गेटवर पडायचं. म्हणून कुणी खट्टू होत नसे. "रायफलच वाकडी आहे," असं एकमतानं ठरायचं. ज्याच्या टार्गेटवर सगळ्यांची भोकं जमत त्याला शाबासकी मिळायची आणि बाकीच्यांना पुरी-भाजी. कुणाच्याच आत्मविश्वासाला ओरखडा नाही.

या सुखाला मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या हातानं काडी लावली. अचूक रायफल विकत घेतली.

ती जर्मन आहे. अन्शुट्झ, मॉडेल 1913. हा मॉडेलचा आकडा आहे, जन्मसाल नव्हे, हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं. नाहीतर "बापरे, पहिल्या महायुद्धाच्या आधीची!" असं म्हणून तो हळहळतो आणि मी जुन्या बाजारातून भंगार उचलून आणलं अशी खूणगाठ बांधून चहा पितो. कंपनी मात्र खरोखरच जुनी, 1856 ची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिनं आपलं मूळ गाव सोडलं आणि 1950 मध्ये उल्म शहरात पुन्हा बस्तान बसवलं. उल्म म्हणजे आइनस्टाइनचं जन्मगाव. या गावानं जगाला दिलेल्या दोन्ही देणग्या मला अजून पुरत्या कळलेल्या नाहीत.

माझी रायफल दुसऱ्या हातची. आधीच्या मालकाला ॲल्युमिनियमच्या दस्त्याची नवी घ्यायची होती, म्हणून त्यानं ही लाकडी दस्त्याची विकली. कागदपत्रांवर सह्या करताना त्याचे डोळे पाणावले होते. तेव्हा मला ते विरहाचं पाणी वाटलं. आता सुटकेचं वाटतं.

वजन साधारण सात किलो. मॅगझिन नाही. एका वेळी एकच गोळी हातानं ठेवायची, बोल्ट लावायचा, झाडायची, बोल्ट ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर, पुन्हा पहिल्यापासून. प्रोनच्या सामन्यात हे साठ वेळा, पन्नास मिनिटांत, पोटावर पालथं पडून. आमच्या घरात याचं फार कौतुक झालं. "जगातले सगळे खेळ सोडून शेवटी झोपून खेळायचा सापडला तुम्हाला," बायको म्हणाली. पुढे रिओनंतर ऑलिंपिकमधून पुरुषांचा प्रोनचा सामना काढून टाकला, ही बातमी मी तिच्यापासून बरेच दिवस लपवली होती. कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आलं म्हणजे त्यांच्याही लक्षात."

रायफल घेतल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मजेत गेले. गोळ्या आठ-नऊच्या घरात फिरत होत्या आणि नळी बहुतेक झिजलेली असावी असं मी रेंजवर भेटेल त्याला सांगत होतो. आमच्या सरांना मात्र सांगायला नको होतं. सर कमी बोलतात. त्यांनी एका सकाळी रायफल माझ्या हातून घेतली, दस्ता उतरवला, नळी शिकंज्यात आवळली आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर दहा गोळ्या झाडल्या. मग चालत जाऊन तो कागद आणला आणि माझ्या हातात दिला. दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं, पंधरा-सोळा मिलिमीटरचं.

आता हिशेब असा, की या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. गोळी स्वतः 5.6 मिलिमीटर जाडीची. तिची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे या रायफलीला एकटीला सोडलं तर ती शंभरपैकी शंभर मिळवून, स्वतःची पेटी स्वतः बंद करून घरी येईल.

"रायफलीचा काही दोष नाही," सर म्हणाले.

वाक्य साधं आहे. पण या खेळात घटक दोनच असतात, आणि त्यातला एक त्यांनी निर्दोष सोडला होता. दुसऱ्याबद्दल सर बोलले नाहीत, हा त्यांचा सभ्यपणा. महाग आणि अचूक वस्तू घेण्याचा हा तोटा कुठल्याही दुकानदाराच्या पाटीवर लिहिलेला नसतो. साधी रायफल घेतली की माणूस चांगला आणि रायफल वाईट. चांगली घेतली की उलट.

पण माणूस सबबीवाचून जगू शकत नाही. म्हणून तर देखभाल नावाचं शास्त्र जन्माला आलं.

या शास्त्रातली सर्वांत भारदस्त सबब म्हणजे लॉट. आमच्या काडतुसाची जात रिमफायर. पेटवणारा मसाला इथे मध्यभागी नसतो, बुडाच्या कडेला जी पोकळ घडी असते तिच्यात भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेपते आणि मसाला पेटतो. मोठ्या रायफलींच्या काडतुसाला मध्यभागी टोपी असते, त्यामुळे परदेशातले हौशी लोक रिकामी काडतुसं गोळा करतात, नवी टोपी बसवतात, दारू तोलून भरतात आणि आपल्या रायफलीच्या आवडीची गोळी घरच्या घरी बनवतात. आमच्या काडतुसाची कड एकदा चेपली की त्याचा अवतार संपला. कारखाना जे देईल ते निमूट घ्यायचं. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून बनतं आहे, सव्वाशेहून जास्त वर्षांचा सराव आहे, तरी एका लॉटची गोळी दुसऱ्या लॉटच्या गोळीगत वागत नाही. बर्मिंगहॅमची ईली घ्या, लापुआ घ्या, आरडब्ल्यूएस घ्या. डबी तीच, नाव तेच, किंमत तीच. (किंमत घरी सांगायची नसते.) पण डबीवर छापलेला लॉटचा आकडा बदलला की रायफल रुसते. शेजारच्या लेनवरच्या माणसाकडे याच मॉडेलची रायफल आहे. तिला जो लॉट मानवतो तो हिला बिलकूल चालत नाही. कारण विचारलं तर कुणी मेणाचा थर सांगतो, कुणी मसाल्याचं प्रमाण, कुणी नळीची थरथर, आणि शेवटी सगळे जण एकच सल्ला देतात: झाडून बघा.

परदेशातले मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कारखान्यात जातात. तिथे ती शिकंज्यात बसवून एकेका लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात, आणि पसंत पडेल तो लॉट पेट्यांनी विकत घेतात. हे मी एकदा जेवताना सांगत होतो. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे स्थळंच बघतात की रे."

तेव्हापासून आमच्या घरात लॉटला स्थळ म्हणतात. मी रेंजवरून आलो की आई विचारते, "कालचं स्थळ कसं निघालं?" मी सांगतो, "आडवं ठीक आहे, पण वरखाली फार जातं." "मग नको. पुढे त्रास होतो." ईलीच्या डबीवर त्या लॉटचा वेग छापलेला असतो, आई त्याला पत्रिका म्हणते. पत्रिका उत्तम जुळलेल्या एका इंग्लिश स्थळानं आम्हाला फार मनस्ताप दिला, आणि एका साध्या, स्वस्त, कुणी ढुंकून न पाहिलेल्या लॉटनं आमच्या रायफलीशी जो सुखाचा संसार केला तो पाहून रेंजवरच्या भल्याभल्यांना असूया वाटली.

वेगाचीही एक गंमत आहे. कुणालाही वाटेल की गोळी जितकी वेगवान तितकी चांगली. आमच्या सामन्याची गोळी मुद्दाम हळू ठेवलेली असते. शिशाची, अडीच ग्रॅमच्या जरा वर, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. पन्नास मीटरला तिला साधारण दीड दशांश सेकंद लागतो. आवाजाचा वेग ओलांडणारी गोळी वाटेत हवेच्या दणक्यानं वेग भराभर घालवते, आणि नवल म्हणजे आडव्या वाऱ्यात ती हळू गोळीपेक्षा जास्त वाहून जाते. हळू जाणारा कमी भरकटतो, हे भौतिकशास्त्र बायकोला फार आवडलं. द्रुतगती मार्गावर ती मला त्याची आठवण करून देते.

लॉटनंतरचा विषय सफाई. इथे मात्र जपून बोललं पाहिजे, कारण रेंजवर यात दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार असला तरी दोरीव्यवहार नाही. पहिला पंथ रोज नळी साफ करणाऱ्यांचा. हे बहुतेक फौजी वळणाचे. एनसीसीत आम्हाला चिंधी मिळायची ती फ्लॅनेलची, चार इंच बाय दोन इंच, मोजून. ती पुलथ्रूच्या दोरीला लावून नळीतून ओढायची आणि पांढरी निघेपर्यंत ओढतच राहायचं. दुसरा पंथ म्हणतो की गोळ्या झाडून जितक्या नळ्या बिघडल्या त्याहून जास्त साफ करून बिघडल्या. यात तथ्य आहे. गोळी नळीला शेवटची शिवते ती तोंडाशी. उलट्या बाजूनं गज घालणारा माणूस नेमकी तीच कड घासतो, आणि ती कड एका बाजूनं जरी खाल्ली गेली तरी गोळी निघता निघता तिरपी ढकलली जाते. म्हणून बोल्ट काढायचा, मागच्या बाजूनं मार्गदर्शक नळी लावायची, वेष्टण असलेला एकसंध गज घ्यायचा, आणि एकाच दिशेनं, घाई न करता. माझ्या जुन्या बनियनच्या चिंध्या या कामाला उत्तम. नव्या बनियनच्याही, असं एकदा धुण्याच्या दिवशी उघडकीला आलं.

साफ केलेली नळी लगेच नीट मारत नाही, हे आणखी एक. गोळीवरच्या मेणाचा पातळ थर नळीला आतून बसावा लागतो, तोवर पहिल्या काही गोळ्या वाट्टेल तिथे जातात. याचा सबबीच्या दृष्टीनं विचार करा. आदल्या रात्री साफ केली असेल तर "आज नळी कोरी होती." केली नसेल तर "आज नळी घाण होती." दोन्ही पंथ सारखेच श्रीमंत आहेत.

अलीकडे नळीच्या आत घालून बघायचा कॅमेरा मिळतो. मोबाइलला जोडायचा. माझं स्पष्ट मत आहे की तो कुणीही घेऊ नये. छान मारणाऱ्या रायफलीच्या चेंबरच्या पुढे काजळीचं एक काळं कडं असतं, शिशाचे डाग असतात, जर्मन कारागिराच्या हत्याराच्या बारीक रेषा असतात. हे सगळं पडद्यावर पन्नासपट मोठं दिसतं. आमच्या ओळखीतल्या एका सद्गृहस्थांनी हा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून ते रेंजवर येतच नाहीत. घरी नळी बघत बसतात.

सफाईच्या द्रावणाला पिकलेल्या केळ्यांचा वास येतो. त्यामुळे रविवारी संध्याकाळी शेजारची लहान मुलं शिकरण मिळेल म्हणून आमच्याकडे डोकावतात.

पाहुण्यांपासून रायफल वाचवणं हाही देखभालीचाच भाग. कायद्यानं आणि शहाणपणानं ती कुलपात असते, गोळ्या दुसऱ्या कुलपात. पण परवानगी घेऊन, रिकामी असल्याची खात्री करून कधी दाखवायला काढली, की प्रत्येक पाहुण्याच्या बोटाला एकच खाज सुटते. "नुसतं खट् करून बघू?" नाही. सेंटरफायरमध्ये एकवेळ चालेल, रिमफायरमध्ये चालत नाही. काडतूस आत नसेल तर फायरिंग पिन सरळ चेंबरच्या पोलादी कडेवर आदळते, आणि पिन बोथट होते किंवा कडेला खड्डा पडतो. हे समजावून सांगेपर्यंत पाहुण्यांचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं आपल्यावर विश्वास नाही. त्यांना अगदी बरोबर वाटतं.

मग स्क्रू. नळी-बोल्टचा लोखंडी भाग दस्त्याला जेमतेम दोन स्क्रूंनी धरलेला असतो आणि ते किती आवळायचे याला माप आहे, पाच न्यूटन-मीटरच्या आसपास. पाव फेरा इकडेतिकडे झाला तर गोळ्यांचा घोळका पसरतो. यासाठी मी टॉर्क मोजणारा पाना आणला. बायकोचं म्हणणं असं की बेडरूममधला पलंग चार वर्षं कुरकुरतो आहे, त्याला या पान्याचा एकदाही स्पर्श झालेला नाही. मी तिला समजावलं की पलंगाच्या कंपनीनं टॉर्कचा आकडा दिलेला नाही. पुण्याच्या पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो, स्क्रूंची पकड बदलते, म्हणून जून ते सप्टेंबर हा पाना माझ्या खिशातच असतो. शिवाय एसी गाडीतून रायफल काढून दमट हवेत उघडली की थंड पोलादाला घाम फुटतो; पेटी बंदच ठेवून तिला थोडा वेळ हवेची सवय होऊ द्यावी लागते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्या ओल्या झाल्या की मी वाळवायला मंद आचेवर ठेवतो, आणि त्या ठेवलेल्या तव्यावर त्या दिवशी पोळ्या होत नाहीत. हा करार लेखी आहे.

देखभालीतलं सगळ्यात अवघड प्रकरण मात्र खंडेनवमीचं. "घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, हे मी चालू देणार नाही," आईनं जाहीर केलं. मी म्हणालो, "अगं, ते शस्त्र नाही, क्रीडासाहित्य आहे." ती म्हणाली, "परवान्यावर काय लिहिलंय?" परवान्यावर शस्त्र परवाना असंच लिहिलेलं असतं. वाद तिथेच संपला, वाटाघाटी सुरू झाल्या. आईला नळीवर हळद-कुंकू लावायचं होतं. ओलं कुंकू पोलादावर ठेवलं तर दसरा उजाडेपर्यंत खाली गंज धरायला लागेल. बोल्टवर? कुंकवाचा कण आत गेला तर ग्रीसमध्ये बसून वर्षभर किरकिर करेल. मागच्या पीप साइटवर? त्या साइटचं भोक मिलिमीटरभराचं, आत एक कण गेला तरी पुढच्या सामन्यात सूर्यग्रहण. दोन्ही पक्षांनी दोन-दोन पावलं मागे घेतली आणि शेवटी खांद्याला टेकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, कोरडं कुंकू, एक बोट, असं ठरलं. झेंडूचं फूल टिश्यू पेपरवर ठेवून. गोळ्यांची पूजा त्यांच्या कुलपाबाहेरूनच.

दुसऱ्या दिवशी रेंजवर रायफलीनं खरोखर झकास काम केलं. आई म्हणाली, कुंकू. सर म्हणाले, वारा पडला होता. मी म्हणालो, टॉर्क.

परवान्याच्या नूतनीकरणाचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनं मुदत तीन वर्षांची पाच वर्षं झाली, त्यामुळे हा योग आता विरळ आला. चौकशीला हवालदार घरी येतात. आमच्याकडे आलेले फार सज्जन होते.

"परवाना कशासाठी?"

"खेळासाठी."

"स्वसंरक्षण नको? वजन पडतं."

"नको. खेळच."

"शेवटची कधी झाडली?"

"आज सकाळी."

त्यांचं पेन थांबलं. "कुणावर?"

"कागदावर."

"लागली का?"

हा प्रश्न अर्जात नव्हता.

स्वसंरक्षणाचा मुद्दा मात्र आमच्या सोसायटीतही अधूनमधून निघतो. चोऱ्या वाढल्या की लोक माझ्याकडे आशेनं बघतात. त्यांना कल्पना नाही. रात्री चोर आलाच तर मला आधी कपाटाचं कुलूप काढावं लागेल, मग गोळ्यांचं. मग कॅनव्हास आणि चामड्याचं ते जॅकेट, ज्यात एकट्यानं शिरता येत नाही आणि शिरल्यावर हात वर होत नाहीत. डाव्या हाताला हातमोजा. दंडाला स्लिंग. मग चटई अंथरून पालथं पडायचं, कोपर जागेवर आणायचं, गालाची पट्टी जुळवायची आणि नाडी शांत होईपर्यंत थांबायचं. त्यानंतर चोराला विनंती करावी लागेल की आपण पन्नास मीटरवर उभे राहा. आमचा फ्लॅट गॅलरीपासून ओट्यापर्यंत धरला तरी तेवढा भरत नाही. तोवर चोरानं टीव्ही नेलेला असेल, आणि त्याला जरा जाण असेल तर टॉर्कचा पानासुद्धा.

निवडणुका आल्या की परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करायला सांगतात. खेळाडूंना सूट मिळते, पण ती चालत घरी येत नाही. कागद घेऊन आपल्याला जावं लागतं.

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. अंतिम फेरीत 451.4. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. त्या दुपारी मला जितके फोन आले तितके माझ्या लग्नात आले नव्हते. "तू पण हेच करतोस ना रे?" कोल्हापूरहून मामानं विचारलं. हो, हेच. तेच काडतूस, तेवढंच अंतर, तेवढंच 10.4 मिलिमीटरचं वर्तुळ. "मग तुझं कुठं अडलंय?" मी म्हणालो, नोकरी असते मामा, वेळ मिळत नाही. मामा म्हणाला, तो रेल्वेत तिकीट तपासतो. मी म्हणालो, आम्ही पुण्यात, इथे हवा तशी नाही. मामा म्हणाला, तो बालेवाडीलाच सराव करायचा, तुझ्या घरापासून रिक्षा करून जाता येईल. मी म्हणालो, रक्तातच असावं लागतं ते. हे बोलायला नको होतं, कारण आईचं माहेर कोल्हापूरचं, मामा सख्खा, आणि तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. 2010 साली म्युनिकला जागतिक स्पर्धेत तिनं याच पन्नास मीटरवर, याच पालथं पडून मारायच्या प्रकारात 600 पैकी 597 गुण घेऊन सुवर्ण जिंकलं, विश्वविक्रमाची बरोबरी करून. म्हणजे साठ गोळ्यांत हातचे गेले ते तीन गुण. झोपून खेळायचा खेळ म्हणून हसणाऱ्या बायकोला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग झोपण्यात दोष नाही म्हणायचा."

एकेक करून सगळीच दारं बंद होत चालली आहेत. नळी चांगली, स्क्रू मापात, बोल्टवर ग्रीसचा बारीक ठिपका, दस्ता कोरडा, कुंकू जागेवर. उरला आहे फक्त लॉट. ज्या स्वस्त लॉटबरोबर हिचा सुखाचा संसार चालला होता त्याच्या शेवटच्या काही डब्या आता कपाटात आहेत, आणि कारखाना तोच लॉट पुन्हा कधीच बनवत नाही.

तेव्हा नेमबाज वाचकांना एक विनंती. तुमच्या रायफलीनं नाकारलेला एखादा लॉट तुमच्या कपाटात कुठे धूळ खात पडला असेल, तर तो वाऱ्यावर उडवू नका. तुमच्या रायफलीला जो चालला नाही तो माझ्या रायफलीला चालू शकतो, असं एकदा घडलेलं आहे. परवाना, पावती आणि नियमाप्रमाणे लागतील ते सगळे कागद घेऊन रविवारी संध्याकाळी या. केळ्यांचा वास येईल तेच घर. चहा आमच्याकडे. फक्त किमतीचं बोलणं जिन्यात उरकून घेऊ.